अण्णांच्या टॅबलेटवर सिनेमा नीट चालवताना

टॅबलेटच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फुल एचडी’ छापलेलं असतं ते फक्त काचेबद्दल. पडद्यावर तेवढे ठिपके आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आपण घातलेला सिनेमा आतली चिप उलगडू शकेल का, कुठल्या फाइलला आवाज येईल, ओटीटीवरचा सिनेमा त्या काचेला शोभेल असा दिसेल का, यातलं काहीच खोक्यावर नसतं. हे सगळं मला कळत गेलं ते सासऱ्यांमुळे. त्यांच्यासारखा चिकित्सक प्रेक्षक घरात नसता तर ‘चालतंय की’ म्हणून मी कधीच सोडून दिलं असतं.

अण्णा टूरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सातारा-सांगलीकडच्या जत्रांमध्ये तंबू लागायचे, त्या तंबूंतल्या कार्बन जाळणाऱ्या मशीनपाशी त्यांची उमेदीची वर्षं गेली. खुब्याचं हाड मोडून कराडला ऑपरेशन झालं आणि चालणं वॉकरपुरतं उरलं. कॉट माजघरात, टीव्ही सोप्यात. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी दहा इंची टॅबलेट घेतला. पडदा १९२०×१२००, किंमत खिशाला झेपेल अशी. पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी नेटवर्क बसतं, त्यामुळे सिनेमे कार्डावर भरून द्यायचे असं ठरलं होतं.

आधी ओटीटीचं सांगून टाकते, कारण तिथे करण्यासारखं फार नाही. पुण्याच्या घरी वायफाय जोरात असूनसुद्धा त्या टॅबलेटवर ओटीटीचा सिनेमा धुरकट दिसायचा. कारण नेटचं नव्हतं. या कंपन्या चित्राला कुलूप लावून पाठवतात. अँड्रॉइडवर ते काम ‘वाइडवाइन’ करतं, आणि त्याच्या पायऱ्या असतात. कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडलं जात असेल तर ती एल१. नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं जात असेल तर एल३. एल३ असलेल्या उपकरणाला बहुतेक मोठ्या कंपन्या एचडी देतच नाहीत, साध्या दर्जावर थांबवतात. आमचा टॅबलेट एल३ निघाला. ‘डीआरएम इन्फो’ नावाचं छोटं ॲप टाकलं की हे दिसतं. ही पायरी कारखान्यातून ठरून येते, सेटिंगमध्ये बदलता येत नाही. त्यामुळे ज्यांना मुख्यतः ओटीटीच बघायचं आहे त्यांनी दुकानात ‘रॅम किती’ विचारण्याआधी ‘वाइडवाइन एल१ आहे का’ हे विचारावं. आमचा भर कार्डावर होता, म्हणून तो विषय तिथेच मिटवला.

कार्डावर घालायला तीन प्रकारचा माल होता. एक, हक्क संपलेले जुने कृष्णधवल सिनेमे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे अण्णांच्या तरुणपणीचे बरेच सिनेमे आता मोकळे झाले आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी सापडतात. दोन, नणंदेच्या लग्नाची फिल्म, फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिलेली. तीन, गावच्या जत्रेचं आणि भाच्याच्या बारशाचं जुन्या हँडीकॅमवरचं चित्रीकरण. अण्णांना खरं तर तिसऱ्याची ओढ जास्त. त्यात त्यांचे भाऊ आहेत, ते आता नाहीत.

पेनड्राइव्ह ओटीजीची पिन लावून टॅबलेटला जोडला तर टॅबलेटने तो ओळखलाच नाही. पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, विंडोजला चालतो तसा. अँड्रॉइडचं त्याच्याशी सहसा जमत नाही. मग लॅपटॉपवर घेऊन घरातल्या एका ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर टाकायला गेले, तर जागा रिकामी असूनही ‘फाइल फार मोठी’ म्हणून नकार. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीची येतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, कार्ड कितीही रिकामं असो. नवं १२८ जीबीचं कार्ड आणलं. त्यावर एक्सफॅट पद्धत असते, तिला ही मर्यादा नाही. जुनं कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करता येतं, पण त्यावरचं सगळं पुसलं जातं, आणि स्वस्त टॅबलेट एक्सफॅट वाचतीलच असं नाही. आमचा वाचत होता.

लग्नाची फिल्म दोन तासांची, ५४ जीबी. लावली. सनई नीट वाजली, चित्र मात्र दोन पावलं चालून थिजायचं, मग एकदम उडी मारायचं. अण्णा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “अगं, आवाज नवरदेवाला घेऊन मांडवात पोचला, चित्र अजून मारुतीच्या पारावरच बसलंय.”

घरात जो तो सल्ला देऊ लागला. कार्ड हळू असेल, रॅम कमी असेल, टॅबलेट रिसेट करून बघ. कार्डाचा संशय आकडेमोडीनेच फिटला. क्लास १० चं साधं कार्डही सेकंदाला १० मेगाबाइट लिहू शकतं, म्हणजे ८० मेगाबिट, आणि वाचायला त्याहून जलद असतं. आमची फिल्म सेकंदाला ६० मेगाबिटची होती. अडत होतं ते पुढे, चित्र उलगडण्यात.

हे उलगडणं म्हणजे काय ते कळलं की निम्मा गोंधळ संपतो. १०८०पी, म्हणजे १९२०×१०८० च्या चित्राच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके असतात आणि सेकंदाला २४ फ्रेम. दाबल्याशिवाय तसाच ठेवला तर अडीच तासांचा सिनेमा साडेसहाशे जीबीच्या वर जाईल. म्हणून तो दाबतात. दाबायच्या रीतीला कोडेक म्हणतात: २००३ पासूनचा एच.२६४, २०१३ चा एचईव्हीसी, २०१८ चा एव्ही१. मोबाइलच्या चिपमध्ये ही दाबलेली चित्रं उलगडण्यासाठी वेगळा कोपरा राखलेला असतो. त्याला ठरावीक कोडेक, ठरावीक आकार आणि ठरावीक वेग येवढंच येतं, पण तेवढं तो बॅटरी फारशी न खाता, गरम न होता करतो. याला हार्डवेअर डीकोडिंग म्हणायचं. त्याच्या आवाक्याबाहेरचं काही आलं की काम मुख्य प्रोसेसरवर पडतं. तो सगळं करू शकतो, पण धापा टाकत. टॅबलेटची पाठ तापते, बॅटरी भराभर उतरते आणि चित्र मागे पडतं.

फाइलच्या नावामागचं एमकेव्ही किंवा एमपी४ यावरून यातलं काहीच कळत नाही. तो नुसता डबा. आत भाजी कोणती ते झाकण उघडल्यावरच दिसतं. झाकण उघडायला मी ‘मीडियाइन्फो’ वापरते, फुकट आहे. लॅपटॉपवर व्हीएलसी हा प्लेयर असेल तर त्यातल्या टूल्समध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ असतं, तेही पुरतं. मी कागदावर लिहून ठेवायची गोष्टी चारच: कोडेक, आकार, सेकंदाला फ्रेम किती, बिट किती. आवाजाचा प्रकार त्याखाली.

लग्नाची फिल्म एच.२६४, ३८४०×२१६०, सेकंदाला ५० फ्रेम अशी निघाली. टॅबलेटची मजल कुठवर आहे ते बघण्यासाठी ब्लेंडर फाउंडेशनचा २००८ चा ‘बिग बक बनी’ उतरवला. दहा मिनिटांचा सशाचा ॲनिमेशनपट, सगळ्यांसाठी मोकळा, आणि वेगवेगळ्या आकारांत मिळतो, म्हणून जगभर लोक त्यावरच चाचणी करतात. एमएक्स प्लेयरमध्ये कोपऱ्यात एचडब्ल्यू, एचडब्ल्यू+ किंवा एसडब्ल्यू असं दिसतं. पहिले दोन म्हणजे चिपचा राखीव कोपरा काम करतोय, तिसरं म्हणजे प्रोसेसर. १०८०पीच्या फाइली, अगदी ६० फ्रेमवाल्यासुद्धा, एचडब्ल्यूवर लोण्यासारख्या चालल्या. ४के, म्हणजे लग्नाच्या फिल्मएवढ्या आकाराचं, लावलं की टॅबलेट हात टेकायचा. अण्णांनी तो ससा इतक्या वेळा बघितला की शेवटी ‘हा किती मारणार अजून खारीला?’ असं वैतागून विचारलं.

मग लग्न लहान करायचं ठरलं. १९२०×१२०० च्या पडद्याला ३८४०×२१६० चं चित्र देण्यात तसाही काही लाभ नव्हता. चिपने ८२,९४,४०० ठिपके उलगडायचे आणि त्यातले पाऊण फेकून द्यायचे. यासाठी हँडब्रेक, फाइल पुन्हा दाबून देणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट. १०८०पीचा तयार साचा निवडला, कोडेक एच.२६४ ठेवला, फ्रेमचा वेग मूळ फाइलचाच. आरएफ नावाची सरकपट्टी दर्जा ठरवते. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल जड. हँडब्रेकवाले १०८०पीसाठी २० ते २४ सुचवतात, मी २१ धरला. एचईव्हीसी घेतला असता तर फाइल आणखी लहान झाली असती, पण लॅपटॉप जुना आहे, त्याला एचईव्हीसी दाबायला फार वेळ लागतो. कार्डावर जागा भरपूर होती. रात्री लावून झोपले. सकाळी ५४ जीबीचं लग्न ७ जीबीच्या आसपास आलं होतं आणि टॅबलेटवर एका झटक्यात चाललं. कुणाला फरक दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही. नणंद मात्र म्हणाली, “वहिनी, मूळ फाइल पुसली नाहीस ना?” नाही पुसली. मूळ फाइल हार्डडिस्कवर आहे आणि तिथेच राहणार.

हँडीकॅमचं प्रकरण वेगळं होतं. एव्हीसीएचडी म्हणून एक पद्धत २००६ मध्ये आली, सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून आणलेली. त्या काळच्या एचडी हँडीकॅमच्या फाइलींच्या नावामागे ‘.एमटीएस’ असतं. एमएक्स प्लेयरमध्ये त्या चालल्या, पण मुक्या. या पद्धतीत आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी३ प्रकारात असतो, आणि परवान्याच्या भानगडीमुळे काही प्लेयर तो उलगडणारा भाग सोबत देत नाहीत. व्हीएलसीमध्ये आवाज आला, कारण व्हीएलसी स्वतःचं सगळं सामान स्वतः घेऊन फिरतो.

पण चित्रात, पालखी आडवी जाताना तिच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा उठायच्या. मला त्या दाखवल्याशिवाय दिसल्या नव्हत्या. हे कॅमेरे ‘१०८०आय’ मध्ये टिपायचे. सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी, पुढच्या क्षणी सम ओळी. जुन्या ट्यूबच्या टीव्हीसाठी ते ठीक होतं. टॅबलेट दोन्ही अर्धी एकदम जोडून दाखवतो, आणि मधल्या क्षणात पालखी थोडी सरकलेली असते. हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केलं आणि त्याला दर अर्ध्यापासून एक पूर्ण फ्रेम करायला सांगितलं, म्हणजे ५० अर्ध्यांच्या ५० पूर्ण फ्रेम झाल्या. २५ करूनही चालतं, पण लेझीम आणि ढोलाच्या हालचाली ५० वर फार सुरेख दिसतात. एच.२६४ मध्ये १०८०पीला ५० फ्रेमसाठी लेव्हल, म्हणजे उलगडणाऱ्यावर किती भार पडेल त्याची पायरी, ४.२ लागते, जुन्या साच्यात ४.० असेल तर बदलून घ्यायची. आवाज एएसी या टॅबलेटला चालणाऱ्या प्रकारात, स्टिरिओ करून टाकला. पालखीमागे गुलालात माखलेले धाकटे काका पहिल्यांदा स्वच्छ दिसले तेव्हा अण्णांनी ‘थांबव’ म्हणून हात वर केला, आणि बराच वेळ तो फोटो तसाच ठेवायला लावला.

जुन्या सिनेमांपाशी त्यांच्यातला ऑपरेटर पूर्ण जागा झाला. एका फाइलच्या नावात दिमाखात १०८०पी लिहिलेलं. अण्णा बघता बघता म्हणाले, “गेट चुकलंय.” मला काही कळेना. “अगं, डोकी बघ. सगळ्यांची टाळकी कापलीत. आमच्याकडे असा खेळ लावला असता तर लोकांनी कनाती फाडल्या असत्या.”

बरोबर होतं. गेट म्हणजे मशीनमधली चित्राची चौकट. त्या काळचा पडदा जवळजवळ चौकोनी असायचा, उंचीच्या १.३७ पट रुंदी. आताच्या रुंद पडद्यावर काळ्या पट्ट्या येऊ नयेत म्हणून कुणीतरी वरून-खालून चित्र छाटून त्याला एचडी म्हटलं होतं. दुसऱ्या एका फाइलमध्ये छाटण्याऐवजी ताणलं होतं, नायिका दुप्पट लठ्ठ. ताणलेलं असेल तर प्लेयरमध्ये चित्राचं प्रमाण ४:३ करून सुधारतं. छाटलेलं परत येत नाही. मग मी नावातल्या आकड्याकडे बघणं सोडलं. अनेक ‘१०८०पी’ जुने सिनेमे मुळात ७२०×५७६ च्या डीव्हीडीवरून फुगवलेले असतात; त्यात ठिपके जास्त, तपशील तेवढाच. त्यापेक्षा मूळ डीव्हीडीच्या आकाराची, न छाटलेली, न ताणलेली, फिल्मचे कण शाबूत असलेली फाइल दहा इंची पडद्यावर कितीतरी चांगली दिसते. कण पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत करणाऱ्या ‘सुधारणां’बद्दल अण्णांचं मत छापण्यासारखं नाही, आणि माझंही आता तेच आहे.

या सिनेमांपैकी काहींचं चित्र टॅबलेटला चालणारंच होतं, फक्त आवाज एसी३. त्यासाठी चित्र पुन्हा दाबायची गरज नसते. हँडब्रेक चित्राला हात लावल्याशिवाय राहत नाही, म्हणून इथे एफएफएमपेग हे दुसरं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवरच्या हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: चित्र जसंच्या तसं नकल कर, आवाज तेवढा एएसी कर. रात्रभराच्या कामाऐवजी चहा होईपर्यंत सिनेमा तयार, आणि चित्राचा दर्जा रेसभरही कमी होत नाही. लोक सरसकट सगळं ‘कन्व्हर्ट’ करत सुटतात आणि प्रत्येक वेळी चित्र थोडं थोडं झिजतं, ते बघून आता जीव हळहळतो.

एका दुपारी तक्रार आली, “ओठ आधी हलतात, आवाज मागनं येतो. लूप बघ.” मी फाइल पुन्हा तपासली, दुसऱ्या प्लेयरवर लावली, सगळं जागेवर. “लूप म्हणजे काय?” विचारलं तर त्यांनी उशीवर बोटाने मशीन काढून दाखवलं. फिल्मवर आवाजाची पट्टी तिच्या चित्राशेजारी नसते, साधारण वीस फ्रेम पुढे असते, कारण चित्राचं गेट वर आणि आवाज वाचणारा भाग खाली. मधे फिल्मचा सैल वळसा सोडायचा, तो लूप. लूप लहान-मोठा झाला की ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आमच्याकडे लूप होता तो त्यांच्या गळ्यातल्या ब्लूटूथच्या नेकबँडचा. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून तो दिला होता. ब्लूटूथवर आवाज पोचायला सेकंदाचा पाव भागसुद्धा लागू शकतो. प्लेयरमध्ये आवाज मागे-पुढे करायची सोय असते. व्हीएलसीमध्ये ऑडिओ डिले उणे करत नेला आणि अण्णा ‘हं, आता’ म्हणाले तिथे थांबले. आकडा उणे २०० मिलिसेकंदांच्या जवळपास होता. वायरचा हेडफोन लावला की तो शून्य करायचा, हे कागदावर लिहून टॅबलेटच्या कव्हरमध्ये ठेवलं आहे.

एक दोष मात्र तसाच राहिला. कॅमेरा हळूच आडवा फिरतो तेव्हा चित्र किंचित अडखळतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, टॅबलेटचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोन ठोके टिकते आणि पुढची तीन. अण्णांच्या मशीनमध्ये प्रत्येक फ्रेमला अगदी सारखा वेळ मिळायचा, वर शटर तिला दोनदा उजेड दाखवायचं. आयुष्यभर ती लय डोळ्यांत बसलेल्या माणसाला हे खुपणारच. १२० वेळा ताजा होणारा पडदा असता तर प्रत्येक फ्रेमला नेमके पाच ठोके मिळाले असते. ६० वर इलाज नाही, असं मी सांगितलं. “म्हणजे मशीनच तसलं,” म्हणाले आणि पुढे बघू लागले.

आता भाचा नव्या फोनवरून गावातले व्हिडिओ पाठवतो. ते या टॅबलेटवर धुऊन काढल्यासारखे फिके दिसतात, कारण फोन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेडाच्या आणि रंगांच्या जास्त मोठ्या पल्ल्यात टिपतो आणि या पडद्याला ते रंग झेपत नाहीत. त्याला सांगितलंय, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद कर, १०८०पी ठेव, आणि व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, कार्डावर आणून दे. तो म्हणतो, मामी, ४के असताना १०८०पी कशाला? रविवारी येणार आहे, तेव्हा अण्णांच्या समोरच बसवते.